अंधकाचा फोटो

दौलताबादच्या किल्ल्यातली ‘अंधारी’ ही भुयारी वाट चढताना जो तो मोबाइलची बॅटरी लावतो आणि फोटोही काढतो. फोटोत उमटतो काळोख! हौस असेल तर तसंच पुढे खुलताबादवरून वेरूळला जावं. तिथे २९ क्रमांकाच्या धुमार लेण्यात काळोखाचाच मुलगा आहे, शिवाच्या त्रिशुळावर टांगलेला.

पार्वतीने थट्टेत शिवाचे डोळे झाकले, जग अंधारलं आणि दोघांच्या घामातून आंधळा अंधक जन्मला. पुढे माजला आणि पार्वतीच हवी म्हणाला; ती आपली आई, हे त्याला ठाऊक नव्हतं. ग्रीकांचा ईडिपस नकळत आईशी लग्न करतो आणि सत्य कळल्यावर स्वतःचे डोळे फोडतो. आमचा अंधक आंधळेपणापासूनच सुरुवात करतो. शेवटी मात्र त्याला क्षमा मिळते, शिवगणांत जागाही. ग्रीक नाटककार एवढा मऊ झाला नसता.

वेरूळची चित्रं आधी हाताने उतरली. पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट यांनी १७९० च्या दशकात, इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी, ही लेणी कागदावर रेखाटली. कॅमेऱ्याचा मान मेजर रॉबर्ट गिल यांचा. १८४४ पासून ते अजिंठ्याची चित्रं रंगवून उतरवत होते. त्यातली बरीचशी १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. त्याआधीच, १८६४ मध्ये, त्यांनी काढलेले ७४ फोटो वास्तु-इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांच्या लेण्यांवरील पुस्तकात आले होते. तेव्हा काचेवर रसायन ओतून, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचा. मराठवाड्याच्या उन्हात काच वाळायला कितीसा वेळ!

‘फोटोग्राफी’ हा शब्दही ग्रीकच: प्रकाशाने रेखाटणं. मराठीने त्याचं ‘छायाचित्र’ केलं. भाषांतर म्हणून चूक, पण लेण्यात उभं राहिलं की मला तेच बरोबर वाटतं. समोरून फ्लॅश मारा, शिवाचे हात भिंतीला चिकटतात, अंधक सपाट होतो. उजेड बाजूने आला तरच त्रिशुळामागे सावली पडते आणि दगड सुटून पुढे येतो. धुमार लेणं तीन बाजूंनी उघडं आहे, म्हणून तिथे हे जमतं.

लेण्यांची रांग पश्चिमेकडे तोंड करून आहे. तेव्हा सकाळी किल्ला पाहा, वेरूळला दुपारनंतर पोचा. मंगळवारी लेणी बंद असतात.