घरात मांजर नाही, मग मांजराची अ‍ॅलर्जी कुठून आली?

"डॉक्टर, आम्ही कधी मांजर पाळलंच नाही, तरी चाचणीत मांजराची अ‍ॅलर्जी कशी निघाली?" हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल, तर त्याचं उत्तर शोधायला जगाला बराच काळ लागला, हे आधी सांगतो.

लंडनचे डॉ. हेन्री हाइड सॉल्टर स्वतः दमेकरी होते. १८६० साली दम्यावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी मांजर जवळ आलं की धाप लागणाऱ्या लोकांची नोंद केली. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द तेव्हा नव्हता; तो व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये दिला. दोष केसांचा, असा समज मात्र आजही आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत मांजराचं मुख्य अ‍ॅलर्जीकारक प्रथिन वेगळं काढण्यात आलं. आज त्याला 'फेल डी १' म्हणतात. ते लाळेत आणि त्वचेतल्या तैलग्रंथींत तयार होतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि तिचे बारीक कण तासन् तास हवेत तरंगतात, कपड्यांना चिकटतात.

या कपड्यांमुळेच सगळा घोळ होतो. १९९८-९९ मध्ये अमेरिकेत ८३१ घरांतली धूळ तपासली. कुत्रा किंवा मांजर जेमतेम निम्म्या घरांत होतं. पण दोघांची प्रथिनं जवळजवळ प्रत्येक घरात सापडली! युरोपातल्या २२ केंद्रांमध्ये गाद्यांची धूळ तपासली, तेव्हाही हेच दिसलं: ज्या गावात मांजरं जास्त, तिथे मांजर नसलेल्या घरांतही प्रथिन जास्त. स्वीडनमध्ये तर वर्गातल्या बऱ्याच मुलांकडे मांजर असेल, तर अ‍ॅलर्जी असलेल्या वर्गमित्राचा दमा शाळा सुरू झाल्यावर बळावतो, असं आढळलं.

हवामानाचाही यात वाटा आहे. धुळीतल्या किड्यांना, म्हणजे डस्ट माइटना, दमट हवा लागते. उत्तर स्वीडनच्या थंडीत किंवा न्यू मेक्सिकोतल्या उंचावरच्या कोरड्या लॉस अलामॉसमध्ये ते फारसे जगत नाहीत. तिथे दमेकरी मुलांमध्ये कुत्र्यामांजरांचीच अ‍ॅलर्जी प्रामुख्याने दिसते.

मग बाळ होणार म्हणून मांजर देऊन टाकावं का? १९९९ मध्ये स्वीडनमधून उलटीच बातमी आली: पहिल्या वर्षी घरात प्राणी असलेल्या मुलांना पुढे अ‍ॅलर्जी कमी. पालक खूश झाले. पण २०१२ मध्ये युरोपातल्या ११ अभ्यासांतली मुलं एकत्र करून पाहिली, तर शाळेच्या वयातल्या दम्यावर फरक ना इकडे ना तिकडे. माझं मत विचाराल, तर बाळाला अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून मांजर आणूही नका, घालवूही नका.

मात्र घरात कुणाला मांजरामुळे खरोखर दमा होत असेल, तर गोष्ट वेगळी. मांजर गेल्यावरही प्रथिन कमी व्हायला चार ते सहा महिने लागू शकतात, गालिचा आणि सोफा असेल तर विशेष. त्यामुळे "पंधरा दिवस झाले, फरक नाही" म्हणून इनहेलर थांबवू नका. आपल्याकडच्या पुसून काढायच्या फरशीवर हे काम सोपं असतं. परदेशात गालिचा घातलेलं घर भाड्याने घेणाऱ्या मुलामुलींना मात्र एवढं सांगा: आधीच्या भाडेकरूकडे मांजर होतं का, ते विचारून घ्या.