छत्रीत काय आहे, मोशाय?

छत्री बरोबर घ्या. लांब दांड्याची, काळी. पाऊस कुठला या दिवसांत, असं वाटतंय ना? संध्याकाळी बघू. मोबाइल आणि मनगटावरचं घड्याळ घरीच ठेवा. अंगात सुती सदरा हवा, कारण तुम्ही एप्रिल 1920 मधल्या कलकत्त्यात उतरताय. तिथला उकाडा नागपूरसारखा कोरडा भाजत नाही. भिजलेली घोंगडी कुणीतरी मागून खांद्यावर टाकावी तसा तो येतो, आणि मग दिवसभर उतरत नाही.

सदऱ्याच्या खिशात एक कागद आहे, तो तेवढा सांभाळा. टिळकांनी नुकताच काढलेला काँग्रेस डेमॉक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा आहे तो. नव्या कायदे कौन्सिलांच्या निवडणुका यंदाच व्हायच्या आहेत, आणि लोकांपुढे जाताना काय मागायचं हे त्यात लिहिलंय. त्यातली एकच मागणी घेऊन आपण चाललोय: रौलट कायदा आणि छापखान्याचा कायदा यांच्या जोडीनं हत्यारांचा कायदाही रद्द करा.

चितपूर रोडवरून उत्तरेकडे जाणाऱ्या ट्राममध्ये चढा. पाय ठेवताच मोहरीच्या तेलाचा वास येईल. तो शेजारच्या बाबूंच्या केसांतून येतोय. त्यात विड्याचं पान, घाम आणि अत्तराच्या दुकानांवरून येणारी वाळ्याची झुळूक मिसळलेली. बाहेर भिस्ती पखाल पिळून रस्त्यावर पाणी मारतोय आणि त्या पाण्याची वाफ होऊन परत तुमच्याच तोंडावर येतेय. घोडागाडीवाला ट्रामला शिव्या देतो. ट्रामवाला घंटेनं उत्तर देतो.

जोडासांको आलं की शेजारचा बाबू कोपरानं ढोसेल. आत दाँ घराण्याचा वाडा आहे, सगळे त्याला ‘बंदूकवाला बाडी’ म्हणतात. घरचा धंदाच बंदुकांचा आणि दारूगोळ्याचा. दुर्गापूजेत संधिपूजेच्या घटकेला तिथं एक छोटी तोफ उडवतात. बाबू हे अशा अभिमानानं सांगेल की बत्ती त्यानंच दिली असावी. बंदुका विकायला बंगाली चालतो. त्याच बंगाल्याच्या गिऱ्हाइकानं विकत घ्यायची म्हटलं, की आधी साहेबाच्या कचेरीत अर्ज.

कुमारटुलीला उतरा. पुढं पायी जाऊ. गल्लीत ओल्या गंगामातीचा थंड वास आहे, नाव भरून आणलेला पेंढा आहे आणि भिंतीला टेकून उभ्या बिनडोक्याच्या देवता आहेत. एका टोपलीत पत्र्याच्या तलवारी, भाले आणि धनुष्यबाण पडलेत. एक उचला. कापायला केळंही कापणार नाही. पण 1878 च्या कायद्यातली ‘हत्यारां’ची व्याख्या वाचलीत तर तुम्ही टोपलीकडे वेगळ्या नजरेनं बघाल. बंदूक तर आहेच, शिवाय संगीन, तलवार, खंजीर, भाला, भाल्याचं नुसतं पातं, आणि धनुष्यबाणसुद्धा. दहा हातांच्या देवीला दर वर्षी किती परवाने काढावे लागले असते, याचा हिशेब मूर्तिकाराला विचारू नका. तो कामात आहे.

आता बागबाजार. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून पालखी आली तर तुम्हाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावंच लागतं. उजेड वरून पट्टीसारखा पडतो. मोरीत माशाची खवलं चमकतात, कुठंतरी कच्च्या कैरीला फोडणी पडलीय, आणि मिठाईवाल्याच्या कढईतून पाकाचा गोड, जड वास येतोय. रसगुल्ल्याला नाव मिळवून देणारे नवीनचंद्र दास इथलेच, तेव्हा नाकावर विश्वास ठेवा. एका घराजवळ मात्र फेरीवालासुद्धा ओरडत नाही. तिथं रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी सारदादेवी तापानं अंथरुणाला खिळल्यात. चपला हातात घेतल्यासारखे चाला.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: आपण मराठी आहोत हे इथं जरा बेतानं सांगा. तुमच्या पायाखाली मराठा खंदक आहे. 1742 साली नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगालात शिरले, तेव्हा कलकत्तेकरांनी स्वतःच्या खर्चानं शहराभोवती तो खणायला घेतला. सात मैल खणायचा होता. तीन मैल झाला, मराठे काही आले नाहीत, आणि काम थांबलं. पुढं तो बुजवला. नाव तेवढं गल्लीला उरलं, आणि मराठा स्वारांसाठीचा ‘बर्गी’ हा शब्द अंगाईत. न झोपणाऱ्या पोरांना इथं आजही तुमच्या पणजोबांची भीती घालतात. तिकडं नदीच्या काठी कंपनीची दारूची गिरणी होती. दारू म्हणजे तोफेची. तुमच्या मनात आली ती नव्हे. तोफेची दारू कुटण्यात या वस्तीची एक पिढी गेली, आणि तिच्या पतवंडांना आता भाल्याच्या पात्यालाही परवाना लागतो.

आनंद चॅटर्जी लेनच्या तोंडाशी एक गुप्त पोलिस तुम्हाला अडवेल. साधे कपडे, पण पायात सरकारी बूट. गल्लीतली पोरं अशा माणसाला ‘टिकटिकी’ म्हणतात, म्हणजे पाल. भिंतीला चिकटून असतो म्हणून.

“छत्रीत काय आहे, मोशाय?”

हसू नका. तो गंमत करत नाहीये. सहा वर्षांपूर्वी, 26 ऑगस्ट 1914 ला, बंदुका विकणाऱ्या रोडा कंपनीच्या मालाच्या 202 पेट्या जकात-गोदीतून सुटल्या. गोदामात पोचल्या 192. उरलेल्या 10 एका बैलगाडीतून भर दिवसा, भर गर्दीतून गडप झाल्या. गाडी हाकणारा गाडीवान नव्हता, क्रांतिकारक होता. माल सोडवून घेणारा कंपनीचाच कारकून, तोही त्यांच्यातला. पेट्यांत 50 माउझर पिस्तुलं होती आणि 46,000 गोळ्या. या पिस्तुलाची लाकडी म्यान मागं जोडली की तिचाच दस्ता होतो आणि पिस्तूल बंदुकीसारखं खांद्याला लावता येतं. तेव्हापासून या शहरात लांबट, काळं, कापडात गुंडाळलेलं काहीही दिसलं की टिकटिकीचे डोळे बारीक होतात. तो छत्री उघडतो, मिटतो, दांडा ठोकून बघतो. खिशातला कागदही काढतो, वरपासून खालपर्यंत नजर फिरवतो, घडी घालून परत देतो. कागदावर त्याचा आक्षेप नाही.

गल्लीत ‘अमृत बझार पत्रिके’च्या छापखान्याचा धडधडाट छातीत जाणवतो. शाईचा आणि रॉकेलचा वास. पत्रिकेचे संपादक मोतीलाल घोष आता म्हातारे झालेत, टिळकांचे जुने स्नेही. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या बचावासाठी इथूनच पैसे उभे राहिले होते. आणि 1878 ची गोष्ट तर शेंबड्या पोरालाही पाठ आहे. व्हाइसरॉय लिटन साहेबानं देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर कायदा आणला, तेव्हा ही पत्रिका एका रात्रीत इंग्रजी झाली. पण त्याच साली त्याच लिटननं हत्यारांचा कायदाही केला. पहिल्या कायद्यातून भाषा बदलून निसटता आलं. दुसऱ्यातून निसटायचं तर कातडी बदलावी लागली असती, कारण युरोपियनांना त्यातून सूट होती.

बसा. हा जो घराबाहेरचा ओटा आहे ना, त्याला हे लोक ‘रोक’ म्हणतात. अड्डा इथंच भरतो. दगड अजून तापलेला आहे, आधी हात लावून बघा. पंचा गुंडाळलेले एक पेन्शनर बाबू हुक्का बाजूला सारून तुमच्यासाठी जागा करतील. कैरीचं सरबत येईल. भाजलेल्या कैरीचं, जिऱ्याचं; पहिल्या घोटाला डोळे मिटतात. आता काढा तो कागद.

बाबू चष्मा लावून वाचतात, हत्यारांच्या कायद्यापाशी बोट थांबतं, आणि ते खूश होतात.

“तिलक महाराजांचं हे कलम मला तोंडपाठ आहे,” ते म्हणतात. “1887 ला मद्रासच्या काँग्रेसमध्ये आमचे बिपिनचंद्र पाल यावरच बोलले होते. तेव्हापासून ऐकतोय.”

खरं आहे ते. मवाळ असो की जहाल, या एका मागणीवर भांडण असं फारसं नव्हतं. सुरेंद्रनाथ बॅनर्जींसारखा सभ्य माणूस घ्या नाहीतर टिळकांसारखा कडवा. शेतीच्या साऱ्यावर, समाजसुधारणेवर, कौन्सिलात जावं की न जावं यावर डोकी फुटायची, बंदुकीवर बहुतेक एकमत.

“तुम्हाला हवीय का बंदूक?” हे विचाराच. मी विचारलं असतं.

बाबू हुक्क्याची नळी तोंडातून काढतात. त्यांनी आयुष्यात बंदूक धरलेली नाही. ओट्यावरच्या इतर चौघांनीही नाही. एकाला फटाक्याच्या आवाजानं धडकी भरते. मग बाबू गावाकडच्या मेव्हण्याची गोष्ट काढतात. रानडुकरं शेत खणून टाकायची. मेव्हण्यानं परवान्याचा अर्ज केला. विचारणा झाली की उत्पन्न किती, वागणूक कशी, शिफारस कोणाची. दोन वर्षं हेलपाटे. त्याच दोन वर्षांत जिल्ह्यात आलेला मिसरूडही न फुटलेला गोरा पोरगा, पहिल्याच रविवारी, दोन बंदुका गाडीत टाकून बदकं मारायला गेला. त्याला कोणी काही विचारलं नाही.

“यंदा जानेवारीपासून नवे नियम आलेत,” दुसरा म्हणतो. “आता काळा-गोरा भेद नाही म्हणे.”

“नियमात नाही. पण अर्ज कोणाकडे करायचा?” बाबू विचारतात. कोणी उत्तर देत नाही.

खिडकीच्या झडपांमागून बांगड्या वाजतात. तुम्ही तिकडं बघू नका, ते बरं दिसत नाही. आवाज वयस्कर बाईचा आहे, आणि तिला या चर्चेचा कंटाळा आलाय. बंदूक आणाल ती ठेवाल कुठं, असं ती विचारतेय. त्या माउझरच्या साली पोलिस झडतीला आले होते. तांदळाची कोठी पालथी केली, डाळीत कोपरापर्यंत हात घातले, आणि गोळ्या शोधायला आंब्याच्या लोणच्याची बरणी पाटावर ओतली. वर्षाचं लोणचं! सापडलं काय? दोन सुपाऱ्या. “निवडणुकीत उभे राहणार आहेत ना ते सगळे, त्यांना म्हणावं बंदुकीचं नंतर बघा, बरणीचं आधी लिहा कागदात.” तिला मत नाही. या गल्लीत मत असलेले पुरुषही बोटांवर मोजण्याइतकेच. माझ्या मते त्या ओट्यावरचं सगळ्यात नेमकं बोलणं तिचंच होतं. ते कुठल्याच जाहीरनाम्यात आलं नाही.

पलीकडच्या मोकळ्या जागेतून खट्-खट् आवाज येतोय. आखाडा. पोरं लाठी फिरवतायत. उघडी अंगं, तेल, धूळ, दर फटक्याला एक हुंकार. लाठी कायद्याच्या त्या यादीत नाही, म्हणून लाठी. एक पोरगा तुम्हाला हातात देऊन बघेल. अपेक्षेपेक्षा जड असते, आणि पहिलाच फेर तुमच्याच घोट्याला लागतो. सगळे खळखळून हसतात, आणि कोणीतरी ओरडतं, “बर्गी पडला!” म्हणजे कळलं त्यांना.

आता तुम्हाला मोह होणार पुढचं सांगून टाकायचा. थोडं सांगा. की दहा वर्षांनी गांधीजी व्हाइसरॉयपुढं अकरा मागण्या ठेवतील, आणि त्यात मिठाबरोबर स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने ही मागणीही असेल. ओटा अर्धा मिनिट गप्प होईल. “गांधी? बंदूक?” मग अशी हास्याची लाट उठेल की हुक्का कलंडेल. की 1931 ला कराचीत काँग्रेस हा हक्क ठरावात घालेल. आणि 1948 ला संविधान सभेत ह. वि. कामत तो मूलभूत हक्कांत मागतील, तेव्हा डॉ. आंबेडकर, जे त्या सभेत पहिल्यांदा गेले ते बंगालातूनच, नकार देतील; आणि नागरिकाला शांततेनं, विनाशस्त्र जमण्याचा हक्क मिळेल.

पण सगळं सांगू नका. खिशातल्या त्या कागदावर कधीच मतदान होणार नाही, हे सांगू नका. सप्टेंबरात याच शहरात काँग्रेसचं खास अधिवेशन भरेल आणि कौन्सिलांवर बहिष्कार पडेल. त्याआधीच, 1 ऑगस्टला, कागद लिहिणारा जाईल. बाबूंनी तो घडी घालून पंचांगात ठेवलाय, राहू द्या.

एकाएकी उजेड पिवळा पडतो. कावळे गप्प. वायव्येकडून काळा ढग छपरांवर सरकतो, आणि वारा इतक्या जोरात येतो की झडपा आपटतात, धूळ दातांत करकरते, कैऱ्या पटापट अंगणात पडतात आणि पोरं लाठ्या टाकून त्यांच्यावर तुटून पडतात. कालबैशाखी. छत्री उघडू नका, उलटी होईल. टिकटिकीही धावत येऊन याच वळचणीला उभा राहतो, तुमच्या खांद्याला खांदा लावून, चिंब. बाबू त्यालाही सरबत देतात. गडगडाट झाला की तो दचकतो.

“आणि तुमच्या काळात?” पावसाच्या आवाजावर बाबू ओरडून विचारतात. “उमेदवार बंदुकीबद्दल काय बोलतात?”

तुम्ही खरं ते सांगता. काही बोलत नाहीत. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात जमीन, सोनं, गाड्या लिहितात, तसं एखादा रिव्हॉल्वरही लिहितो, किंमत टाकून. आणि निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलिस ठाण्यात नेऊन जमा करायला सांगतात.

बाबूंचा विश्वास बसत नाही. ते टिकटिकीकडे बघतात, टिकटिकी त्यांच्याकडे.

“परवाना असून जमा?”

“हो. निकाल लागून जाईपर्यंत.”

“पावती देतात?”

“देतात.”

पाणी छपरावरून पडद्यासारखं कोसळतंय. बाबू पुढं वाकतात. चेहऱ्यावर थेंब, डोळ्यांत लहान मुलाची उत्सुकता.

“साहेबाला पण?”

तुम्ही सांगायला तोंड उघडता की आता साहेब उरले नाहीत, आणि तसेच थांबता.