जुन्या ‘पॉइंट टू-टू’ची ओढ

काडतुसाच्या मागच्या कडेत पेरलेला स्फोटक मसाला आणि त्या कडेवर बसणारा आघात; ‘रिमफायर’ रायफलचे तंत्र एवढेच. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले, तेही .२२ रिमफायरवरच. अमेरिकी शौकिनांचा जीव मात्र विंचेस्टरच्या १८९०च्या रायफलवर. ब्राउनिंग बंधूंची ही रचना १९३२पर्यंत सुमारे साडेआठ लाख नगांत उतरली. जत्रांतील नेमबाजीच्या गाळ्यांत तर तिचेच राज्य होते. पुढची मूठ मागे-पुढे सरकवण्याची लय, नगण्य धक्का! तथापि, जुन्या काडतुसांच्या क्षारयुक्त अवशेषांनी अनेक नळ्या आतून गंजल्या आहेत. दस्त्याच्या चकाकीवर भाळण्याआधी, रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी तपासावी. नळीवर कोरलेले काडतुसाचे नावही वाचावे. आजची वेगवान काडतुसे तिला मानवतीलच असे नाही.