साखळी तुलना (संगणकीय भाषा)

साखळी तुलना म्हणजे दोनपेक्षा अधिक मूल्यांची समता ‘अ == ब == क’ अशा एकाच विधानाने तपासण्याची पद्धत होय. यातील दुहेरी चिन्ह समता तपासते; एकेरी ‘=’ हे चिन्ह अनेक संगणकीय भाषांत चलाला मूल्य देण्यासाठी वापरतात. गणितात अशा साखळीचा अर्थ ‘तिन्ही मूल्ये समान’ असा एकच होतो. संगणकीय भाषांत मात्र तो भाषेगणिक बदलतो.

उदाहरण

पिंपरी-चिंचवडमधील तळवडे आणि नजीकच्या चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग तयार करणारे अनेक कारखाने आहेत. अशा एखाद्या कारखान्याच्या आज्ञावलीत मागणी, उत्पादन आणि पाठवणी यांचे आकडे जुळतात का, हे ‘मागणी == उत्पादन == पाठवणी’ या विधानाने तपासले, असे समजू. मागणी ५०, उत्पादन ४० आणि पाठवणी ० असल्यास उत्तर ‘असत्य’ यावयास हवे.

भाषांनुसार अर्थ

पायथॉन: येथे साखळीचा अर्थ ‘अ == ब आणि ब == क’ असा होतो. मधल्या पदाचे मूल्य एकदाच काढले जाते. पहिली तुलना असत्य ठरल्यास तिसरे पद तपासले जात नाही. वरील उदाहरणात उत्तर ‘असत्य’ येते. ज्युलिया भाषेतही साखळीचा अर्थ असाच आहे.

सी: येथे तुलना डावीकडून, ‘(अ == ब) == क’ अशी होते आणि तिचे फल १ किंवा ० असते. ५० व ४० असमान असल्याने ० मिळतो. तो पाठवणीच्या शून्याशी जुळतो व उत्तर ‘सत्य’ येते. उलट तिन्ही आकडे ५० असल्यास १ ची तुलना ५० शी होऊन उत्तर ‘असत्य’ येते. आज्ञावली न थांबता चुकीचे उत्तर देते, हा यातील मुख्य धोका होय.

जावा: सत्यमूल्याची पूर्णांकाशी तुलना करता येत नसल्याने वरील विधान संकलनाच्या वेळीच नाकारले जाते.

रस्ट: कंसाविना लिहिलेली साखळी तुलना व्याकरणदृष्ट्याच अमान्य आहे.

असमतेची साखळी

समता संक्रामक असते. असमता तशी नसते. त्यामुळे पायथॉनमध्ये ‘अ != ब != क’ हे विधान सत्य असले, तरी अ आणि क समान असू शकतात. उदाहरणार्थ, १, २, १. तिन्ही मूल्ये परस्परभिन्न आहेत हे ठरविण्यासाठी ‘अ != क’ ही तुलनाही करावी लागते.

सर्वसामान्य पद्धत

साखळीचा अर्थ भाषेवर अवलंबून असल्याने ‘अ == ब’ आणि ‘ब == क’ या तुलना स्वतंत्रपणे लिहून ‘आणि’ या तार्किक चिन्हाने जोडणे सुरक्षित ठरते.