प्रस्थानकाळी सोबत कोण?

गतवर्षी सुटीत सहकुटुंब गोव्यास जावे, दिवाडी बेटावर चार दिवस राहावे आणि तेथून नदी ओलांडून नार्व्यास श्रीसप्तकोटेश्वराचे दर्शन घ्यावे, असा बेत भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादेतील आमच्या घरी ठरला. तिकिटांची व उतरण्याच्या जागेची बोलणी चालू असता धाकट्या मुलीने विचारले, “आणि मोत्या?” मोत्या हा सात वर्षे आमच्या दारी वाढलेला गावठी कुत्रा. वडीलधाऱ्या काकी म्हणाल्या, “देवाच्या वाटेवर कुत्रे कोणी नेते का रे?” दुसऱ्या कोणी सुचविले, की तेवढ्या दिवसांपुरते त्यास गल्लीत सोडावे, शेजारीपाजारी भाकरतुकडा घालतील. आम्ही व्यवसायाने वकील, म्हणून निवाडा आमच्याकडे आला. आणि निवाड्यापूर्वी जुने दाखले पाहण्याची आम्हांस खोड आहे.

पहिला दाखला महाभारताचा. आदिपर्वाच्या आरंभी जनमेजय कुरुक्षेत्रावर सत्र करीत असता सरमेचा पुत्र तेथे आला आणि राजाच्या भावांनी त्यास बदडून काढले. सरमा ही देवांची कुत्री. ती यज्ञमंडपात येऊन विचारू लागली, की माझ्या पुत्राने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटले नाही, मग त्यास मारिले कशासाठी? या रोकड्या फिर्यादीस कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा ‘तुजवर अकल्पित भय ओढवेल’ असा शाप देऊन ती निघून गेली. त्या विशाल ग्रंथात भरलेला हा जणू पहिला खटला, आणि त्यातील फिर्यादी एक कुत्री आहे!

याच ग्रंथाच्या अखेरीस, महाप्रस्थानिक पर्वात, पुनश्च एक कुत्रा येतो. भाऊ पडले, द्रौपदी पडली, तरी धर्मराज थांबला नाही. परंतु इंद्राने रथ आणून ‘कुत्र्यास येथेच सोड’ म्हणताच त्याने रथावर चढण्याचे नाकारिले. कुत्रा बाळगणाऱ्यास स्वर्गात स्थान नाही, असे इंद्राचे म्हणणे. म्हणजे आक्षेप आमच्या काकींचाच. त्यावर धर्मराजाने सांगितले, की शरणागतास शत्रूच्या हाती देणे, स्त्रीवध, ब्रह्मस्वहरण आणि मित्रद्रोह ही चार पातके एकीकडे व आपल्यावर भक्ती ठेवणाऱ्याचा त्याग दुसरीकडे ठेविला, तर दोन्ही पारडी समान होतात. तो कुत्रा साक्षात् यमधर्म होता हे पुढे उघड झाले. निर्णय घेताना मात्र धर्मराजास तो केवळ कुत्राच दिसत होता, हे विसरता येत नाही.

दुसरा दाखला बेटाचाच आहे. मुंबई बेटावर बेवारशी कुत्री मारण्याचा सरकारी नियम १८१३ पासून होता. १८३२ साली मारण्याची मुदत वाढविण्यात आली. दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्यामुळे पकडणारे लोक बेवारशी आणि पाळीव हा भेद मानीनासे झाले. पारशी समाजात कुत्र्यास धार्मिक स्थान आहे. मृताच्या देहावर त्याची दृष्टी पडावी असा त्यांचा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे. ६ जून १८३२ रोजी, त्यांच्या पवित्र दिवशी, किल्ल्यात पारशी जमाव पकडणाऱ्यांवर चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, हिंदूही त्यात सामील झाले, कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीचा शिधा अडला. शेवटी फौज आली आणि धरपकड झाली. दंग्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु त्याची परिणती विधायक झाली. १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि इतर धनिकांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभा राहिला.

आजचा कायदाही या बाबतीत मुका नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमान्वये, वाजवी कारणावाचून, उपासमार वा तहान भोगावी लागेल अशा स्थितीत जनावरास टाकून जाणे हा अपराध आहे. त्या अधिनियमात पहिल्या अपराधास दंड पन्नास रुपयांपर्यंतच होता. ज्या कृत्यापायी धर्मराज स्वर्ग सोडावयास निघाला, त्याची ही किंमत!

आणि ज्या बेटावर आम्ही जाणार होतो, त्याची कथा तरी काय सांगते? सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडीवरच. कदंब राजांचे हे दैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तेथील देवालय पाडिले, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार डिचोली महालात नेले, आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी तेथे देवालयाचा जीर्णोद्धार करविला. आमच्या समाजातील अनेक घराणी त्या काळी जमीनजुमला सोडून परागंदा झाली. देव आणि कुत्रा यांची तुलना करण्याचे पाप आम्ही करणार नाही. एवढेच म्हणतो, की घर सोडताना आपण काय टाकतो आणि काय जिवाशी धरतो, यावरून घराण्याची ओळख पटते. आणि आमचे पूर्वज या परीक्षेत उतरले होते.

निवाडा मोत्याच्या बाजूने लागला. रेल्वेच्या नियमाप्रमाणे कुत्र्यास पहिल्या वर्गाच्या राखीव कूपेत अथवा गार्डाच्या डब्यातील पेटीत न्यावे लागते. आम्ही लसीचा दाखला घेतला आणि कूपे राखून ठेविली. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीचा घरघराट ऐकून मोत्या मुलीच्या पायांत शिरला. पलीकडच्या काठाला उतरताच मात्र शेताच्या बांधावर तो आमच्यापुढे धावू लागला.

नार्व्यास देवालयाची मर्यादा आम्ही पाळली. मोत्या प्राकाराबाहेर झाडाखाली बांधला, आणि घरातील एकेकाने आळीपाळीने त्याच्यापाशी बसावे असे ठरले. पहिली पाळी काकींनी आपण होऊन घेतली. आम्ही दर्शन घेऊन परतलो तेव्हा काकींच्या पदराच्या सावलीत तो निजला होता. त्यांनी आम्हांस खुणेने हळू बोलावयास सांगितले आणि मग दर्शनास उठल्या.