परधर्मीयासाठी टाकलेला शब्द

जुन्नरच्या शिवनेरी आणि मानमोडी डोंगरांतल्या लेण्यांत तीन यवनांच्या, म्हणजे परक्यांच्या, दानाचे शिलालेख आहेत. इरिल, चिट आणि चंद ही त्यांची नावे. एकाने भिक्षूंसाठी पाण्याची टाकी खोदवून दिली, दुसऱ्याने भोजनमंडप दिला, तिसऱ्याने लेण्याचे दर्शनी काम करवून घेतले. कोकणच्या बंदरांतून नाणेघाटाने वर चढणारा माल आणि माणसे सातवाहनकाळापासून याच गावात विसावत. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यातल्या संवादाचा माग काढायचा म्हटले की आपली नजर सहसा रोम किंवा जेरुसलेमकडे वळते. मला मात्र या घाटवाटेपासून निघावेसे वाटते. परका माणूस स्वतःचे परकेपण घेऊनच इथे राहू शकतो का, हा प्रश्न या वाटेवर फार लवकर विचारला गेला आणि त्याची उत्तरेही वेळोवेळी निरनिराळी मिळत गेली.

त्यातले एक उत्तर बहमनी काळातले आहे. 1470च्या आसपास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. तो त्वेर शहरचा, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचा. होर्मुझहून त्याने एक घोडा आणला होता. त्या काळी दख्खनेत अरबी-इराणी घोड्याला सोन्याचा भाव मिळे आणि निकितिनची सारी पुंजी त्या जनावरात अडकलेली होती. पावसाळा सुरू झाल्यामुळे दोन महिने तो जुन्नरातच अडकला. तिथला पाऊस, चिखल, धर्मशाळेतले जेवणखाण हे सारे त्याने आपल्या टिपणांत लिहून ठेवले आहे. जुन्नरचा अधिकारी असद खान याला हा माणूस मुसलमान नाही हे कळले तेव्हा त्याने घोडा काढून घेतला. इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत देईन, वर एक हजार सोन्याची नाणी देईन, आणि न स्वीकारलास तर दोन्ही जातील, असे बजावून त्याने चार दिवसांची मुदत दिली. निकितिनच्या पंथात तो उपासाचा काळ होता. मुदत संपत आली असताना खुरासानचा खोजा मुहंमद जुन्नरात आला. निकितिनने त्याला गाठून विनवले. तो किल्ल्यावर गेला, खानापाशी शब्द टाकला, धर्मांतराचा हट्ट सोडायला लावला आणि घोडाही सोडवून आणला.

या प्रसंगाशी आपण थोडे थांबायला हवे. धर्म बदलायला लावणारा मुसलमान होता आणि त्यातून सोडवणाराही मुसलमानच होता. खोजा मुहंमदाने निकितिनसाठी किल्ला चढताना स्वतःची श्रद्धा बाजूला ठेवली नाही आणि निकितिनकडे त्याच्या श्रद्धेचा हिशोबही मागितला नाही. पुढे निकितिन दख्खनेत फिरत राहिला. त्याची धर्मपुस्तके वाटेतल्या लुटीत गेली होती, ईस्टर केव्हा हेही त्याला कळेनासे झाले होते. मुसलमानांच्या रोज्यांबरोबर तो उपास करी आणि आपल्या टिपणांत अरबी-फारसी मिश्रित शब्दांत परमेश्वराची आळवणी करी. घराकडे परतताना स्मोलेन्स्कजवळ तो वारला. त्याचे लिखाण एकोणिसाव्या शतकात रशियन इतिहासकार करमझिन याच्या हाती लागले आणि मगच जगाला जुन्नरातली ही शिष्टाई कळली.

निकितिन गेल्यावर वीस वर्षांच्या आत जुन्नर राजधानी झाले. 1490 मध्ये मलिक अहमदने इथेच निजामशाहीची मुहूर्तमेढ रोवली आणि 1494 मध्ये अहमदनगर वसवले. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याच्या दरबारी गोव्याहून एक वैद्य येत असे. गार्सिया द ओर्ता हे त्याचे नाव. स्पेनमधून 1492 साली हाकललेल्या यहुदी कुटुंबातला हा मुलगा. 1497 मध्ये पोर्तुगालात अशा सर्व कुटुंबांचा सक्तीने बाप्तिस्मा झाला, म्हणून हा नावाने ख्रिस्ती. 1534 मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि 1563 मध्ये गोव्यात त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला. बुऱ्हाणाबरोबरच्या स्नेहाची आठवण त्याने त्या ग्रंथात नोंदवली आहे: सुलतान त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवी आणि ओर्ता त्याला लॅटिन नावे सांगे. यहुदी कुळातला, ख्रिस्ती म्हणवणारा वैद्य आणि मुसलमान राजा औषधांच्या निमित्ताने एकमेकांचे शिष्य झाले होते. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन आले. ओर्ता 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला यहुदी आचार पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले आणि 1580 मध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. निजामशाही दरबारात त्याला जो मोकळेपणा मिळाला तो स्वधर्मीय म्हणवणाऱ्यांच्या राज्यात मिळाला नाही, हे सांगताना मला आजही क्लेश होतात. भीमाशंकराच्या देवळात मराठ्यांना वसईच्या मोहिमेत मिळालेली पोर्तुगीज घंटा आहे. ती युद्धातली लूट आहे. धर्मांची गाठ पडली की संवाद झालाच, असे होत नाही.

संवादाला भाषा लागते, आणि ती या मुलखात मराठी होती. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये क्रिस्तपुराण छापले. त्याच्या पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून मोशेपर्यंत आणि पुढेही, यहुद्यांच्या धर्मग्रंथातली कथा ओवीत उतरली. त्याच शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद योगसंग्राम हा ग्रंथ ओवीतच रचत होते. या दोघांची कधी भेट झाली नाही, पण एकाच छंदात दोन धर्मांची माणसे बोलू लागली होती. तिसऱ्याला यायला उशीर झाला, कारण कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्रायली, शेतीवाडी आणि तेलाच्या घाण्यांत रमले होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणून एक खडक आहे. तिथे हा संदेष्टा स्वर्गाला गेला अशी त्यांची श्रद्धा. त्याच्या नावाने ते पोहे, नारळ, फळे यांचा मलिदा करतात. शेजारचे मुसलमान पीराला मलिदा वाहतात, आणि कुराणात हाच संदेष्टा इलियास म्हणून येतो. शेजारधर्मातून उपासनेतले हे साम्य कसे रुजत गेले याची तारीख आपल्याला सापडत नाही. ते कोणी ठरवून आणलेले नाही, इतके मात्र उघड आहे.

बेने इस्रायलींमध्ये सांगितली जाणारी एक हकिगतही याच जातीची आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले कमांडंट सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. हे बनी इस्राईल आहेत असे कळताच, कुराणात ज्यांचे नाव आहे ते लोक पाहण्याची इच्छा सुलतानाच्या आईने दर्शवली आणि त्यांचे प्राण वाचले. हकिगत परंपरेने सांगितली जाते. परतल्यावर दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत शार हारहमीम, म्हणजे दयेचे दार, हे सिनेगॉग उभारले, ही गोष्ट मात्र नोंदलेली आहे. खोजा मुहंमद शब्द टाकतो त्या जागी इथे एक वृद्ध आई दिसते. एवढे साम्य मला ओळखू येते.

पुढल्या शतकात मिशनरी आले. 1813 मध्ये अमेरिकन मराठी मिशन मुंबईत उतरले आणि 1829 मध्ये स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन. त्यांना बेने इस्रायली ख्रिस्ती व्हावेत असे मनापासून वाटे. त्यासाठी त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, शाळा काढल्या. बेने इस्रायलींनी मिशनच्या शाळांत हिब्रू शिकून घेतले, बायबल वाचले, आणि बहुसंख्य यहुदीच राहिले, पूर्वीपेक्षा अधिक जाणते यहुदी. जोसेफ इझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडणाची हगादा हिब्रू आणि मराठीत छापली गेली, तिच्यातल्या चित्रांत स्त्रिया लुगडी नेसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. 1880च्या सुमारास बेने इस्रायलींनी कीर्तनही स्वीकारले. वारकऱ्यांचे वाद्य, मोशे आणि योसेफाचे आख्यान. ख्रिस्ती समाजातही कृष्णराव सांगळे बायबलमधल्या कथांवर कीर्तने करीत होते. मोशे आणि योसेफ, म्हणजे मुसा आणि युसुफ, ही नावे मुसलमानांनाही परकी नाहीत. हातात बळ असलेल्याने शिकवले आणि शिकणाऱ्याने आपले ते वेचून घेतले, असा हा व्यवहार होता. विल्सन यांच्या हेतूला यश आले नाही, पण त्यांच्या व्याकरणाला आले.

विसाव्या शतकात संस्था बोलू लागल्या. 3 डिसेंबर 1964 रोजी पोप पॉल सहावे मुंबईत अन्य धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले, आणि 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुदी व मुसलमान यांच्याविषयी आदराचे निवेदन काढले. येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या यहुद्यांवर ठेवणे चर्चने त्यातून अधिकृतपणे सोडले. 2007 मध्ये 138 मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना खुले पत्र लिहिले. महत्त्वाचे टप्पे आहेत हे. पण आपल्याकडचा एक टप्पा मला त्याहून जवळचा वाटतो. नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाऊसमधले यहुदी मारले गेले. त्यानंतर मुंबईच्या मुस्लिम कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी त्या हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला नकार दिला.

1948 नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले आणि तिथेही त्यांनी मायबोली नावाचे मराठी नियतकालिक चालवले. त्यांनी मागे ठेवलेल्या संस्थांत माझगावची एक शाळा आहे. हायम सॅम्युअल किहिमकर यांनी 1875 मध्ये समाजाच्या मुलांसाठी सुरू केलेली ती इस्रायली शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीने वाढली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. वर्गांतले यहुदी विद्यार्थी कमी होत गेले तेव्हा शाळा बंद करण्याऐवजी तिची दारे परिसरातल्या मुलांना उघडली गेली. आज तिथे शिकणारी बहुतेक मुले मुसलमान कुटुंबांतली आहेत.