ब्रोकन हिलचे उंटवाले

ऑस्ट्रेलियातल्या कौटुंबिक भटकंतीचे व्हिडिओ पाहत असाल तर हे दृश्य ओळखीचं असेल. पुढे एक दणकट गाडी, तिला मागे जोडलेलं चाकांवरचं घर, आत आईबाबा आणि मुलं, समोर लाल मातीतून थेट क्षितिजाला भिडलेला रस्ता. या चाकांवरच्या घराला तिथे ‘कॅरॅव्हॅन’ म्हणतात. शब्द मूळचा फारसी : ‘कारवान’, म्हणजे एकत्र प्रवास करणाऱ्यांचा तांडा. आपल्या स्कूलव्हॅनमधली ‘व्हॅन’ हे याच शब्दाचं शेपूट.

अशा सहलींच्या वाटेवरचा एक ठरलेला मुक्काम म्हणजे ब्रोकन हिल. न्यू साउथ वेल्स राज्याच्या पार पश्चिमेला, सिडनीपासून सुमारे १,१५० किलोमीटरवर. इतकं लांब, की गावातली घड्याळं सिडनीच्या नाही, शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाच्या वेळेवर चालतात. ‘मॅड मॅक्स २’मधलं ओसाड जग याच परिसरात चित्रित झालं. पण कॅरॅव्हॅन यायच्या कितीतरी आधी इथे खरेखुरे कारवान येत होते. फरक एवढाच, की त्यातल्या माणसांसोबत त्यांची कुटुंबं नव्हती.

१८८३ साली चार्ल्स रॅस्प नावाच्या, मेंढ्यांच्या कुरणाच्या हद्दीवर राखण करणाऱ्या माणसाने इथल्या एका ओबडधोबड टेकडीवर हक्क सांगितला. त्याला वाटलं कथील आहे. निघालं शिसं आणि चांदी. १८८५ मध्ये कंपनी उभी राहिली : ब्रोकन हिल प्रोप्रायटरी. आज जगातल्या सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांत गणली जाणारी बीएचपी ती हीच.

खाण सापडली, पण पाणी? इथे वर्षाचा पाऊस जेमतेम २५० मिलीमीटर, आणि डार्लिंग नदी शंभराहून जास्त किलोमीटर दूर. १८८८ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाच्या बाजूने रेल्वे आली, पण ती गावापाशी संपत होती. त्यापलीकडच्या कुरणांपर्यंत आणि छोट्या खाणींपर्यंत माल नेणार कोण? बैल आणि घोडे पाण्याविना टिकत नव्हते. उंट टिकत होते.

हे उंट मोठ्या संख्येने आले ते आपल्याच उपखंडातून. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी २४ उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला नेले गेले, सोबत त्यांना सांभाळणारी माणसंही. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात होता, म्हणजे कराची बंदरावर मुंबईच्या गव्हर्नरचा अंमल होता. १८६६ मध्ये टॉमस एल्डर या कुरणमालकाने कराचीहूनच शंभरावर उंट आणि ३१ उंटवाले आणले. पुढच्या पाचसहा दशकांत असे सुमारे २,००० उंटवाले ऑस्ट्रेलियात आले. कोणी बलुची, कोणी पठाण, कोणी पंजाबी, कोणी सिंधी. गोऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव दिलं : ‘अफगाण’. त्याचंही पुढे ‘घान’ झालं. ॲडलेड ते डार्विन धावणाऱ्या प्रसिद्ध ‘द घान’ रेल्वेच्या नावामागे हेच लोक आहेत, असं मानलं जातं.

पूर्ण वाढलेला उंट चारशे-पाचशे किलो ओझं वाहतो. जाताना पीठ, चहा, साखर, अवजारं. येताना लोकरीच्या गासड्या. बैलगाड्या आणि घोडागाड्या हाकणाऱ्या गोऱ्या गाडीवानांना ही स्पर्धा सलत होती. उंटवाल्यांची वस्ती गावाबाहेर असायची. तिथेच त्यांनी पन्हळी पत्र्याची एक छोटी मशीद बांधली.

बहुतेक जण दोनतीन वर्षांच्या करारावर, एकटे यायचे. बायकामुलं मागे, गावी. १९०१ मध्ये नव्या ऑस्ट्रेलियन संघराज्याने गोऱ्यांखेरीज इतरांना रोखणारा कायदा केला. बंदरात अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेतला ५० शब्दांचा उतारा लिहायला सांगू शकत होता. नापास करायचंच असेल, तर कोण पास होणार? वर्षानुवर्षं तिथे राबलेला माणूस घरी जाऊन परतणार असेल, तर या परीक्षेतून सूट मिळाल्याचं प्रमाणपत्र त्याला आधी घ्यावं लागे. त्यावर त्याचा फोटो आणि हाताचा ठसा. १९०३ च्या कायद्याने आशियाई लोकांना नागरिकत्वाची दारं बंद झाली. काहींनी तिथल्या आदिवासी किंवा गोऱ्या स्त्रियांशी संसार थाटले. बाकीचे एकटेच म्हातारे झाले.

या वस्तीचं नाव जगभर गेलं ते मात्र एका रक्तपातामुळे. पहिलं महायुद्ध सुरू होतं. १ जानेवारी १९१५ ला सुमारे १,२०० माणसं, बायकामुलांसह, मालगाडीच्या उघड्या डब्यांत बसून सहलीला निघाली होती. वाटेत तुर्की झेंडा लावलेली आइस्क्रीमची गाडी उभी होती. उंटवाल्यांच्या वस्तीतल्या मुल्ला अब्दुल्ला आणि गुल महंमद यांनी गाडीवर गोळीबार केला. त्या दिवशी चार निरपराध माणसं मेली, हल्लेखोर दोघंही मारले गेले. संध्याकाळी जमावाने जर्मन क्लब जाळला आणि मोर्चा उंटवाल्यांच्या वस्तीकडे वळवला. पोलीस आणि सैनिक आडवे आले, म्हणून वस्ती वाचली. त्या माणसांचा दोष काय, तर हल्लेखोर त्यांच्यातले होते.

१९२० च्या दशकात मोटारलॉऱ्या आल्या आणि उंटांची गरज संपली. १९२५ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाने मोकाट उंट मारण्याचा कायदा केला. आपल्या उंटांना गोळी घालण्यापेक्षा अनेक उंटवाल्यांनी ते रानात सोडून दिले. ऑस्ट्रेलियातल्या आजच्या रानटी उंटांचे कळप त्यांचेच वंशज.

ब्रोकन हिलमध्ये खाणीच्या ढिगाऱ्यावर आज एक स्मारक उभं आहे. खाणीत मेलेल्या आठशेहून अधिक कामगारांची नावं तिथे कोरली आहेत, प्रत्येक जण कशाने गेला त्यासकट. त्या कामगारांनी संप करून कामाचा आठवडा ३५ तासांवर आणला होता. हा सन्मान त्यांचा हक्कच आहे. उंटवाल्यांची आठवण सांगते ती गावाच्या उत्तरेची पत्र्याची मशीद. आता ते छोटं संग्रहालय आहे. कॅरॅव्हॅनमधून आलेली कुटुंबं दारात चपला काढून आत जातात, फोटो घेतात आणि पुढच्या मुक्कामाला निघतात. बाहेरची वाट आता डांबरी आहे.